कासीमचाचांची गाठ

मस्तगडाच्या आमच्या गल्लीत बैलगाडी शिरली की कासीमचाचा दुकानातून ओट्यावर यायचे आन् गाडीवानावर ओरडायचे, "जामना! अरे जामना! सुकाणू फिरव!" गाडीवान बिचारा बैलं थांबवून माझ्याकडं बघायचा. मी सांगायचो, "जामना म्हंजी उजवीकडं. वळव बाबा, न्हाईतर ते गाडीवर चढतील." एकदा खरंच चढल्ते.

मी शाळामास्तर, पण गल्लीत माझी खरी नोकरी दुभाष्याची. चाचांची उमर मुंबईच्या जहाजांवर खलाशी म्हणून गेली. गुडघे गेले तसे गावी आले आन् दोरखंडाचं दुकान टाकलं. अख्ख्या निजामाच्या राज्यात समुद्राचा थेंब न्हाई, पण चाचांना कोण सांगणार? दोर वर ओढायचा तर "हबेस!", खाली सोडायचा तर "आर्या!" आमच्या अंगणातल्या वलणीच्या बांबूला ते परबाण म्हणायचे, म्हंजी शिडाचा आडवा बांबू. "भाभी, वारा फिरला, शीड फिरवा!" बायको चिडायची, पण लुगडं फिरवायची. आन् ते जल्दी वाळायचं, हे आणखी वर.

वाटूरचा एक शेतकरी एकदा वैतागून म्हणाला, "चाचा, बैलाला दावं पायजे, जहाज न्हाई बांधायचं!"

"बैल काय अन् जहाज काय! गाठ बराबर नसली तर दोन्ही पळतात." तीन गाठी शिकवून मंगच दावं दिलं. तोवर त्याच्या सोबतीच्या गाड्या निघून गेल्त्या.

माणसाला एका जागी बसणं ठाऊकच न्हाई. खाट दिवसातून तीनदा फिरवायची, कारण नाळ, म्हंजी जहाजाचं तोंड, वाऱ्याकडं पायजे. संध्याकाळी मनमाडकडून गाडी यायच्या आधी नदी ओलांडून ठेसनावर हजर. धाकटा भाऊ युसुफ, तोही खलाशी. बावीस वर्षांखाली भांडून दुसऱ्या जहाजावर गेल्ता, तो येईल म्हणून. सगळ्या गल्लीला हे माहीत होतं, विचारायचं कुणी न्हाई.

आन् ह्या माणसाच्या घराला कुलूप न्हाई! कडीला दोर, दोराला एक भलतीच गाठ. लोहारानंसुद्धा तिच्यापुढं हात टेकल्ते.

एका दुपारी चाचा दुकानातच तापानं आडवे झाले. मी त्यांना आमच्या घरी आणून निजवलं. ते कुडकुडत एकच म्हणून राह्यले, "गोधडी... माझी गोधडी." मी धावत त्यांच्या दारात. गाठ काही सुटेना. नख तुटलं, डोकं फिरलं. घरून सुरी आणली, दोर कापला आन् गोधडी काढली. वर शहाणपणा केला तो असा, की बाजारातून चांगलं पितळी कुलूप आणून दाराला ठोकलं. गावात त्या दिवसांत गडबड चालल्ती, घर उघडं कसं ठेवायचं?

चौथ्या दिवशी ताप उतरला. चाचा काठी टेकत घरापाशी गेले. मी ऐटीत किल्ली पुढं केली. ते कुलपाकडं बघत मटकन पायरीवर बसले.

"मास्तर, ये क्या किया तुमने?"

"अहो, चोऱ्यामाऱ्या..."

"युसुफ निघाला तवा मी धक्क्यावरून ओरडून सांगितलं, ज्या दाराला आपली गाठ दिसंल ते तुझं घर. कुणाला विचारू नको, माफी मागू नको, गाठ सोड आन् आत ये. ही गाठ आमच्या दोघांनाच येती." कुलूप हलवून म्हणाले, "चार दिवस कुलूप होतं. तो येऊन, कुलूप बघून परत गेला असंल तर?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुलूप काढून खिशात टाकलं.

त्यांनी दुकानातून नवा दोर आणवला. पण तापानं बोटांत जोर न्हवता. दोनदा दोर निसटला, तिसऱ्यांदा त्यांनी तो फेकूनच दिला. मी उचलला, कडीत ओवला.

"तुम्ही सांगा चाचा, मी बांधतो."

ते काठी टेकून उभे राह्यले. "जामना वरून... आर्या, ढील दे... डावा खालून... आता हबेस! हबेस, मास्तर, हबेस!"

जीव खाऊन ओढलं. चाचांनी गाठीवरून कितीतरी वेळ बोट फिरवलं.

"बिलकुल बराबर," ते म्हणाले आन् लगेच चुळबुळले. "गाडीची वेळ झाली."

"तुम्ही बसा. आज मी जातो."

ठेसनावर पोचलो तेव्हा गाडी लागून राह्यल्ती. तेव्हा ध्यानात आलं, युसुफ दिसतो कसा हे विचारायचंच राहून गेलं. तरी शेवटचा माणूस उतरेपर्यंत मी एकेकाच्या तोंडाकडं बघत उभा राह्यलो.