वजीर आणि साखऱ्याची पागोटी

माणिकराव पाटलांनी आपली भरमार बंदूक चावडीच्या खांबाला टेकवून ठेवली होती, आणि ती कोणासाठी आहे हे साखरा गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. तातेरावांचा कुत्रा वजीर आठ दिवसांत तिघांच्या अंगावर धावून गेला होता. "आइतवारी सकाळी कुत्रं चावडीवरून न्या," पाटलांनी बजावले होते. "गुमान गेलं तर राहील. कुनावर धावलं, तर मंग ही हायेच."

आज आइतवार उजाडला होता.

वजिराला तातेरावांनी गोरेगावच्या बाजारात एका पागोटे घातलेल्या मिशाळ माणसाच्या काठीखालून सोडवून आणले होते. भ्यालेले जनावरच अंगावर येते आणि भयाला कारण असते, हा त्यांचा सिद्धांत. तो सिद्ध करण्यासाठी त्यांनी पंधरा दिवस खर्ची घातले. काठी दाखवली, वजीर स्वस्थ. झुपकेदार मिशा दाखवल्या, स्वस्थ. पागोटे दिसताच मात्र त्याचे कान मागे जात आणि दात बाहेर येत.

त्याच पंधरवड्यात त्यांच्या चुलती पार्वतीबाईंच्या डोक्याला कावळा शिवला. या अपशकुनावर उतारा एकच : मरणाची खोटी वार्ता नातलगांना धाडावी, त्यांनी रडावे, म्हणजे खरे मरण टळते. परंतु तातेराव पडले सत्याचे अभिमानी.

"खोटी चिठ्ठी आपल्या हातून व्हायची न्हाई, काकी."

"कुत्र्याचं भेव तुला कळतंय, काकीचं न्हाई!" म्हणून पार्वतीबाईंनी अन्नच कमी केले होते.

पाटलांना पागोटे उतरवायला सांगणे म्हणजे त्यांची बंदूक आपल्या हाताने ठासून देण्यासारखे होते. निदान दोर धरणारा तरी वजिराला वैरी वाटू नये, म्हणून तातेराव स्वतः बोडक्याने निघाले. घरात मरण घडल्यावाचून कोणी बोडक्याने रस्त्यावर येत नसे, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण त्या घटकेला त्यांचे सारे ध्यान दोरावर होते.

वळणावर सोनाजी भेटला. डोक्याला भले थोरले पागोटे.

"तातेराव! बोडक्यानं काहून?"

वजीर गुरगुरला. तातेरावांनी ओठांवर बोट ठेवले. "सोनाजी, आधी पागोटं काढ."

सोनाजीला कावळ्याची हकीकत माहीत होती. त्याने पागोटे काढले, त्याचे डोळे भरून आले, आणि तो चावडीकडे पळत सुटला. हा गडी एका कुत्र्यासाठी इतका हळवा होईल, असे तातेरावांना वाटले नव्हते.

चावडी दिसताच त्यांनी दोर हाताला दोनदा गुंडाळला. दोर निसटला तर सगळेच संपले. त्यांनी मान वर केली, आणि ते थबकले. चावडीवर वीसएक माणसे उभी होती, माना खाली घालून. आणि एकाच्याही डोक्यावर पागोटे नव्हते. पाटलांचे टक्कल तर गावाने प्रथमच पाहिले असावे.

वजीर पुढे झाला, पाटलांचा हात हुंगला आणि शेपटी हलवली.

"मुक्या जनावरालाबी कळतंय," पाटील घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मंग शर्त पुरी झाली ना, पाटील?"

"आता काय शर्तीचं घेऊन बसलास? झाली, बाबा. राहू दे कुत्रं."

इतक्यात तातेरावांच्याच घराकडून बायकांच्या रडण्याचा कल्लोळ उठला. वजिराला ओढत ते धावले आणि त्यांच्यामागे सारी चावडी.

अंगणात दोघे जण तिरडीचे बांबू तासत होते. बायका ऊर बडवीत होत्या. आणि ओट्यावर पार्वतीबाई भाकरी खात बसल्या होत्या.

"शकुबाई, सोनाजीची वार्ता खोटी असली तरी जरा मोठ्यानं रड," त्या म्हणत होत्या. "पंधरा दिस वाट पाहून राहिले मी याची!"

पाटील आधी पांढरे पडले, मग लाल. "कोन मेलंच न्हाई? तातेराव, आख्ख्या गावाला बोडकं केलंस?" त्यांनी काखेतले पागोटे डोक्याकडे नेले. मागोमाग वीस पागोटी वर उचलली गेली. वजिराचे कान मागे गेले. दोर ताणला.

"खबरदार!" पार्वतीबाई गरजल्या. "माझं मरन टळलं ते या कुत्र्यापायी. ह्या सत्यवानानं चिठ्ठी धाडली न्हाई. वजिरानं गाव रडवलं. माझ्या दारात पागोटं घालून त्याला भेववाल, तर माझ्याशी गाठ हाय!" अर्धी भाकरी त्यांनी वजिरापुढे टाकली.

पागोटी खाली आली. एकही अक्षर खोटे न बोलता तातेरावांनी गावभर असत्य पसरवले होते.

तेव्हापासून त्या घरावरून जाताना साखऱ्यातला जो तो पागोटे काखेत मारी, पाटीलसुद्धा. ते पाहून परगावचा एखादा पाहुणा हलकेच विचारी, "कोन गेलं?"

आणि ओट्यावरून पार्वतीबाई तत्परतेने सांगत, "मी!"