परबांचा गरम नळ

लोक भेटल्यावर "काय, कसं काय" विचारतात. आमचे परब विचारतात, "पाणी गरम येता मां?" जिन्यात विचारतात, दुकानात ब्रेड घेताना विचारतात. माझ्या लेकीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी फाटकातच हे विचारलं. मी म्हटलं, "अहो, आधी आत तरी येऊ द्या त्यांना."

परब मालवणकडचे. इथे आखातात, खैतानमधल्या आमच्या इमारतीचे प्लंबर आणि राखणदार, दोन्ही. मागच्या अंगणात भिंतीला लागून त्यांची एकट्याची खोली. जानेवारीत इथली थंडी हाडात शिरते, तरी इतकी वर्षं त्यांनी तिथे गार पाण्यानंच अंघोळ केली. यंदा मात्र आमच्या पाहुण्यांच्या बाथरूममधल्या गीझरवरून त्यांनी आपल्या खोलीत लाइन ओढायला घेतली. कारण गावाहून त्यांची बायको सुमनताई व्हिजिट व्हिसावर येणार होती. थंडीत तिची बोटं आखडतात.

"जन्मभर माझ्यासाठी तिनाच पहाटे चूल पेटवल्यान," परब म्हणाले. "हय तिना नुसतो नळ सोडूचो."

लाइन झाली, पण पाणी थंडगार. "पाण्याक वाटेत थंडी लागता," असं निदान करून परबांनी पाइपाला गोणपाट गुंडाळलं. मग ब्लँकेट. मग आमच्या ह्यांचा स्वेटर. तो मी वाळत घातला होता, टाकून दिला नव्हता. पाइपाला ढेरी सुटली, पाणी तसंच. शेवटी वैतागून मी गीझर बघितला, तर बंद. उन्हाळ्यात इथे गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चटका देतं, म्हणून आम्ही सगळेच बंद गीझरमध्ये ते निवत ठेवतो. मे महिन्यात तो बंद करून बटणावर चिकटपट्टी लावली होती ती परबांनीच. मी ती काढून गीझर चालू केला. "असां जाता कधी कधी," एवढंच म्हणाले. स्वेटर परत दिला नाही.

व्हिसा काही मिळाला नाही. का, ते कोणी सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कचरा टाकायला मागे गेले, तर खोलीचं दार उघडं. परब फोन नळासमोर धरून उभे.

"बघ सुमन, वाफ दिसता मां?"

"दिसता हो," फोनमधून बाईचा हसरा आवाज आला.

फोन खिशात ठेवून त्यांनी नळ बंद केला आणि बाहेरच्या गार नळाखाली बादली लावली.

"अहो, आता तुम्ही तरी न्हा त्या गरम पाण्यानं," मी म्हटलं.

बादलीवरची नजर न काढता ते म्हणाले, "तिच्या आदी मी कसो न्हातलंय, वयनी?"

घरात येऊन गीझर बंद करायला म्हणून मी बटणापर्यंत गेले. तसाच चालू ठेवला.