दत्तूभाऊंचा निळ्या फुलांचा सनकोट

भरघोस मिशांचा, पन्नाशी उलटलेला लेथमशीनवरचा गडी बायकांचा निळ्या फुलांचा सनकोट घालून मोटरसायकलवरून येताना पाहिलाय कधी? नसेल, तर भोसरीला आमच्या वर्कशॉपवर या, दत्तूभाऊ दाखवतो. त्यातून त्या कोटाची एक बाही बोटांपर्यंत लोंबते आणि दुसरी कोपराखालीच संपते.

सुरुवातीला पोरांनी यथेच्छ टिंगल केली. "ताई, आज सेकंड शिफ्ट का?" भाऊ शांतपणे हेल्मेट काढायचे. "उन्हाला बाई-बाप्या कळत न्हाई, राव. कातडं समद्यांचं सारखंच हाय."

ऊन म्हणजे भाऊंचा खास विषय. यार्डात माल उतरवून कुणी लालबुंद मान घेऊन आत आला, की भाऊ लेथ बंद करून उठलेच. आधी गार पाण्यात भिजवलेलं फडकं, मग कोरफडीचा गर. एकदा मी मानेवर बर्फ चोळायला निघालो, तर माझा हातच धरला. "आधीच भाजलंय, त्यात बर्फानं आणखी जाळताय व्हय?" उपचार फुकट होते, पण प्रवचन ऐकावं लागे आणि त्याचा शेवट ठरलेला. "येक सनकोट घ्या. आमची ही शिवती."

त्या बाह्या बघून कोण घेणार? तरी भाऊंच्या लॉकरमध्ये नवे नवे सनकोट कोंबलेले असायचे. गुलाबी, पिवळे, ठिपक्यांचे. माणूस जरा सटकलाय, असं माझं स्पष्ट मत होतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची गाडी बंद पडली, म्हणून मी त्यांना चऱ्होलीला घरी सोडायला गेलो. शकूवहिनी शिलाई मशीनवर बसल्या होत्या. डाव्या हाताने कापड सरकवत होत्या, उजवा नुसता टेकवलेला, थरथरत होता.

"झटका आल्यापास्नं ह्यो हात ऐकत न्हाई," त्या म्हणाल्या. "आदी गावातली समदी पोलकी मीच शिवायची. मशीन इकायला काढलं व्हतं. पन ह्यांच्या कंपनीतनं सारख्या ऑर्डरी येत्यात, मग बसावंच लागतं. तुमच्या मंडळींना बसला का वो कोट?"

लॉकरमधले सगळे कोट एकदम माझ्या डोळ्यांपुढे आले. वहिनींच्या मागे भाऊ उभे होते. आयुष्यभर बडबड करणारा तो माणूस मिशी चावत माझ्या तोंडाकडे बघत होता.

"झकास बसला, वहिनी," मी म्हणालो. "आणखी एक हवाय तिला."

काही आठवड्यांनी भाऊ माझ्या टेबलापाशी आले. पिशवीतून कोट काढला, दोन्ही बाह्या एकमेकींवर ठेवल्या आणि हाताने सपाट केल्या.

"बगा, राव. सारख्या हायेत."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि माझेही. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "आता तुम्हीही असा एक सरळ कोट घ्या, भाऊ."

"न्हाई." त्यांनी आपली लोंबणारी बाही नीट दुमडली. "झटक्यानंतर तिनं शिवलेला पयला हाय ह्यो."