भरल्या पोटी पास्ता

चार माणसांत कसं बसावं, काय बोलावं आणि किती खावं, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. शाळेत मी जेमतेम गेले, पण माझ्या हाताखालचं माणूस कुठे जाऊन हसं करून घेणार नाही, हे मी छातीठोक सांगते. म्हणजे सांगायचे. गेल्या रविवारपर्यंत!

झालं असं की आमच्या धाकट्याला मुलगी आवडली. धाकटा फ्रीज दुरुस्त करतो. गल्लीच्या टोकाला एक इटालियन हॉटेल निघालंय, तिथला फ्रीज बिघडला म्हणून हा गेला. फ्रीज गार करून आला, आणि स्वतः वितळून आला! मुलगी तिथलीच मालकीण आणि तिथलीच आचारी. रविवारी संध्याकाळी आपण सगळ्यांनी तिथे जेवायचं, असं याने परस्पर ठरवलं.

"आई, फक्त जेवायचं हं. भांडायचं नाही."

"मी कधी भांडते रे?"

यावर आमचे हे खोकले. यांचं शिंप्याचं दुकान आहे. तोंडात टाचण्या धरून धरून यांना गप्प राहायची सवय लागली आणि माझा संसार सुखाचा झाला.

रविवारी मी यांना आणि वन्संना समोर बसवलं. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण, आमच्याकडेच असतात. ताट पुढे आलं की त्यांना बाकीची दुनिया दिसत नाही.

"नीट ऐका," मी म्हटलं. "मुलीच्या हॉटेलात भुकेलं जाऊन तुटून पडायचं नाही. तिला वाटेल, कुठलं हावरट घर आहे! इथून पोटभर जेवून निघायचं. तिथे चिमणीसारखे दोन घास टिपायचे आणि 'बस्स, पुरे' म्हणायचं. घरंदाज माणसं अशीच जेवतात."

"मग हॉटेलात जायचंच कशाला?" वन्सं म्हणाल्या.

"तुम्हाला नाही कळायचं."

अंड्यांचा रस्सा केला, पातेलंभर भात केला आणि दोघांना वाढला. मीही पोटभर जेवले. दुसऱ्या वाढीला हे नको म्हणाले. मी नुसतं बघितलं. यांनी ताट पुढे केलं. धाकटा कामावरून थेट तिकडे येणार होता, त्यामुळे त्याला या बेताचा पत्ता नव्हता.

हॉटेल म्हणजे एक लहानशी खोली. टेबलांवर चौकड्यांची कापडं, मागच्या भिंतीला मोठी काच आणि काचेपलीकडे भटारखाना. धाकटा आमच्या आधीच पोचला होता. बसल्याबसल्या यांनी टेबलावरच्या कापडाची कड उलटून शिलाई तपासली. मी हातावर चापट मारली. तेवढ्यात मुलगी बाहेर आली. अंगात पांढरा कोट, केस टोपीत कोंबलेले, हात कोपरापर्यंत पिठात.

"बसा निवांत! आज मी माझ्या मनाने वाढणार आहे."

आवाज खणखणीत. मला आवडली. पण पहिल्याच भेटीत तसं तोंडावर दाखवायचं नसतं. "बघू," मी म्हटलं.

आधी सूप आलं. आम्ही तिघांनी दोन दोन चमचे घेतले आणि वाट्या सरकवल्या. मग पास्ता आला. दोन घास टिपले, बस्स, पुरे! वन्संचा काटा तिसऱ्यांदा निघाला, तो थांबवायला मी टेबलाखालून लाथ घातली. लाथ धाकट्याच्या नडगीला लागली.

"आई गं!"

"हळू जेव," मी म्हटलं.

भरलेली ताटं आत गेली. काचेतून दिसलं, मुलीने एकेक ताट हातात घेतलं, चाखलं, पुन्हा चाखलं. मग धावत बाहेर.

"मीठ कमी पडलं का?"

"छे छे!"

"मग तिखट हवं होतं?"

"अजिबात नाही. आमच्या घरी सगळे असंच जेवतात. थोडं."

ती ओठ चावत आत गेली आणि तिने नवीनच काहीतरी पाठवलं. पिठाच्या इवल्या इवल्या उशा, आत सारण. यांनी एक उशी काट्यावर घेतली, उजेडात धरली, डोळे बारीक करून चारी बाजूंनी फिरवली आणि म्हणाले, "शिवण कुठे दिसत नाही! काय हात आहे!" आणि ठेवून दिली परत.

आता हे आम्हाला ऐकू आलं. काचेमागून तिला काय दिसलं असेल? की सासरा खाण्यात मेलेली माशी शोधतोय! बिचारीच्या हातातला डाव खाली पडला.

धाकट्याने माझं मनगट धरलं. "आई, काय चाललंय तुमचं? तिने मला स्पष्ट सांगितलंय, तुझ्या घरच्यांना माझं खाणं रुचलं तरच लग्नाचं बोलू. ज्या घरातून माझं ताट परत येईल, तिथे मी जन्म कसा काढू, म्हणाली."

"मेल्या, हे आधी का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू म्हणाली असतीस, आमची परीक्षा घेणारी ती कोण टिकोजीराव!"

म्हणाले असतेच. पण पोराचा चेहरा असा झाला होता की मला बघवेना. लहानपणी ताप आला की असाच दिसायचा.

समोर उशा होत्याच, वर मी पास्ताही पुन्हा मागवला. "जेवा!" मी यांना म्हटलं.

"अगं, पण तूच ना..."

"जेवा म्हटलं ना!"

काय सांगू तुम्हाला! रस्सा खालून वर यायला बघत होता, पास्ता वरून खाली चालला होता, मधल्या जिन्यात दोघांची गाठ पडली आणि कोणी कोणाला वाट देईना! हे बॉबिनवर दोरा भरावा तसे काट्यावर शेवया गुंडाळत होते आणि डोळे मिटून गिळत होते. वन्सं तेवढ्या खूश. नवस फेडल्यासारख्या जेवत होत्या.

ताटं लख्ख झाली. काचेमागे मुलीचा चेहरा बल्ब लागावा तसा उजळला. मी म्हटलं, सुटलो!

कुठलं सुटतोय? तिने आतून वेटरला मोठ्याने सांगितलेलं सगळ्या हॉटेलने ऐकलं, "अरे, भुकेले होते रे बिचारे! लाजत होते! वाढ अजून!"

मग आला बैलगाडीच्या चाकाएवढा पिझ्झा. तो संपतोय तोच गादीवर गाद्या रचाव्या तसा थरांचा एक डोंगर, वरून चीज ओघळतंय. संपवलं की येत होतं आणि थांबलो की ती काचेला नाक लावून बघत होती! शेवटी यांच्या पँटचं बटण सुटलं, गोळीसारखं उडालं आणि शेजारच्या टेबलावर एका गृहस्थांच्या पाण्याच्या ग्लासात जाऊन पडलं. टण्!

"आयुष्यात मी लावलेलं बटण तुटलं नव्हतं!" हे कळवळून म्हणाले आणि यांना उचकी लागली. साधी नाही, खुर्चीसकट उचलणारी!

मुलगी पांढरीफटक होऊन धावत आली. "काय झालं? माझ्या खाण्यातून काही..."

ग्लासवाले गृहस्थ उठले. "मी डॉक्टर आहे. म्हणजे, दातांचा."

"चालेल," वन्सं म्हणाल्या. "रस्ता तोच आहे."

डॉक्टरांनी यांची नाडी धरली. "आज काय काय खाल्लंत?"

डोळ्यांनी मी यांना किती खुणावलं! पण हा माणूस डॉक्टरशी खोटं बोलत नाही. "घरी... उक्! अंड्यांचा रस्सा. उक्! भात. दोनदा. ही म्हणाली... उक्! भुकेलं जायचं नाही. मग इथे सगळं."

डॉक्टरांनी हात सोडला. "काही झालेलं नाही. फक्त भरलेत."

सगळं हॉटेल आमच्याकडे बघत होतं. धाकट्याने हातांनी तोंड झाकलं.

"म्हणजे तुम्ही घरून जेवून आलात?" मुलगी म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"म्हणून आधी ताटं परत येत होती?"

"पोटात जागाच नव्हती गं."

"मग नंतर सगळं संपवलंत, ते कसं?"

"याचं तोंड बघवेना." मी धाकट्याकडे बोट दाखवलं. "पण एक सांगते. भूक असती तर काहीही गोड लागलं असतं. मला भूक नव्हती, तरी तुझ्या त्या उशा चांगल्या लागल्या."

ती हसली. हसता हसता डोळे पुसले, तर गालाला पीठ लागलं. "आई, खरं सांगू? ताटाचं मी नुसतं निमित्त काढलं होतं. मला धास्ती होती तुमची! हा सांगायचा ना, आई आली की अख्खं घर चिडीचूप होतं. पण जी बाई पोराचं मन राखायला फुटेस्तोवर पास्ता खाते, तिला काय भ्यायचं? माझं ठरलं!"

वन्संनी त्या आनंदात थरांचा उरलेला डोंगर पुढे ओढला.

घरी येताना हे दोन्ही हातांनी पँट धरून चालत होते आणि मी ताठ मानेने. "बघितलंत? माझ्या बेताने लग्न जमलं!"

मग चालता चालता मी जागीच थबकले. "अहो, ती शेवटी नक्की काय म्हणाली?"

"ठरलं म्हणाली. उक्!"

"त्याच्या आधी."

यांनी विचार केला. "तुला काय भ्यायचं, म्हणाली."

बघा! सून अजून घरात आली नाही आणि माझा धाक गेला! तोही भर हॉटेलात, दातांच्या डॉक्टरसमोर!

आणि हे चक्क हसले. भर रस्त्यात, माझ्या तोंडावर. "तिचं काय चुकलं? आता मीसुद्धा..." एवढं बोलले, मी वळून बघितलं, आणि पुढचं यांनी उचकीवर ढकललं.

काय म्हणणार होते, ते विचारायचं मला अजून धाडस झालेलं नाही.