आश्रुबाची गाडी आणि आप्पारावांची नाली

आपण वळवू शकत नाही असं जगात काही नाही, याची आश्रुबाला पक्की खात्री होती. अठ्ठावीस वर्षं एसटी चालवलेला माणूस! भरलेली गाडी घाटात वळवली, तर नगरपंचायतीची चार टाळकी वळवायला काय लागतंय? हे त्यानं बायकोला, मालनबाईला, गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं. तिथंच घात झाला.

निवृत्त झाल्यावर आश्रुबानं जुनी का होईना, पण स्वतःची गाडी घेतली आणि अंगणात लावली. आठवड्याच्या आत नगरपंचायतीनं त्याच्या गेटासमोर नाली बांधली. नाली कशी, तर रस्त्याहून दोन फूट उंच! पाणी खालून वर चढून नालीत जाईल, असं ज्या इंजिनिअरला वाटलं त्याला पास कुणी केलं कोण जाणे. नोकरी मात्र त्याला बरोबर जागी मिळाली होती. गेटापुढे नालीवर सिमेंटचा ढापा टाकायचा असतो, तो टाकलाच नाही. गाडी आत, रस्ता बाहेर आणि मधे नाली!

त्यात रविवारी नेकनूरला मालनबाईच्या भाच्याचं लग्न. माहेरच्या मांडवापुढे एकदा, फक्त एकदा, तिला मोटारीतून उतरायचं होतं. त्याला कारण तिची भावजय वच्छलाबाई. गाडी घेतल्याचं फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली होती, "वन्सं, कशाला थापा मारता? दाजींचा एसटीचा पास हाय की!" उभा जन्म ती त्या पासावर माहेरी गेली होती, आणि प्रत्येक वेळी वच्छलाबाईनं ते चार बायकांत बोलून दाखवलं होतं.

"रविवारी आपल्या गाडीतच जायचं! माझा शबुद!" असं म्हणून आश्रुबा सोमवारी नगरपंचायतीत गेला.

तिथल्या बाबूनं फाइल काढली, फुंकर मारली आणि म्हणाला, "तुमच्या गेटापुढं ढापा टाकलेला हाय."

"कुटं? दिसत न्हाई!"

"कागदावर हाय. झालेल्या कामाचा फोटोबी हाय. हे बगा."

फोटोत ढापा होता, पण दार भलत्याच कुणाचं होतं. त्या दारात एक म्हैस बांधलेली होती.

"आमच्याकडं म्हैस न्हाई हो!"

"मग तसा अर्ज करा, म्हैस नसल्याचा. चौकशी लागंल."

"कवा?"

"सायेब आल्यावर."

"सायेब कवा येतील?"

बाबूनं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू आश्रुबानं त्याच्या आईबापाचा उद्धार केला होता. या कचेरीत तो प्रश्न कुणी विचारत नसे.

मंगळवारी शेजारचा बजरंग हे ऐकून हसला. कुठल्याही पुढाऱ्याच्या मागे फोटोत दिसणाऱ्या माणसांपैकी तो एक. "काका, तक्रार करनाऱ्याला कोन विचारतंय? सत्कार करा! नगरसेवक आप्पारावांना गेटापाशी बोलवा, शाल घाला. मानूस खूश झाला की हळूच म्हना, तेवढा ढापा टाका."

आश्रुबाला हे लई पटलं. त्यानं भलामोठा फ्लेक्स छापून घेतला: 'भव्य नालीबद्दल नगरसेवक आप्पाराव यांचे जाहीर आभार!' खाली स्वतःचा हात जोडलेला फोटो. मालनबाई म्हणाली, "आवं, ज्यांनी दार बंद केलं त्यांचेच आभार मानता?" पण तो म्हणाला, "तुला राजकारन कळत न्हाई!" त्याला स्वतःला ते मंगळवारपासून कळायला लागलं होतं.

बुधवारी आप्पाराव वीस माणसं घेऊन आले. आजवर नालीवरून त्यांना लोकांनी शिव्याच दिल्या होत्या. शाल खांद्यावर पडताच त्यांनी खरोखर डोळे पुसले. "नालीसाठी सत्कार करनारा असा नागरिक महाराष्ट्रात दुसरा न्हाई!"

आश्रुबानं संधी साधली. "सायेब, तेवढं गेटापुढं..."

"काका, बोलूच नका! तुमी दारात उन्हात हुबे ऱ्हाता, मला दिसतंय. उद्याच बंदोबस्त करतो!"

दुसऱ्या दिवशी खरंच टेम्पो आला. सिमेंट आलं, गवंडी आले. मालनबाईनं त्यांना साखर जास्त घालून चहा केला. आणि चहा पिऊन त्यांनी गेटाच्या बरोबर मधोमध, नालीवर, सिमेंटचं बाकडं पक्कं बसवलं! 'ज्येष्ठ नागरिक विसावा. संकल्पना: आप्पाराव.' दुपारपर्यंत त्यावर गल्लीतले पाच म्हातारे येऊन बसले. त्यातला एक आश्रुबाला म्हणाला, "जरा थंड पानी आना की."

आश्रुबा तणतणत कचेरीत गेला. बाबूनं फाइल उघडली. आत फ्लेक्सचा फोटो डकवलेला होता आणि खाली शिक्का: 'नागरिक समाधानी. तक्रार निकाली.'

रविवारी नवरा-बायको बाकड्यावरून पाय टाकून बाहेर आले. मालनबाई नवी पैठणी नेसली होती. आश्रुबाला इतकी शरम कधी वाटली नव्हती. एसटी धरायला कोपऱ्यावर पोचतात तोच एक मोठी काळी गाडी कचकन थांबली. आत आप्पाराव! स्वतः चालवत, घामाघूम.

"काका, नेकनूरलाच ना? बजरंग म्हनला. मलाबी तिथंच जायचंय. आज सहा लग्नं हायेत अन् ड्रायव्हर आजारी पडला. तुमी एसटीतले ना? घ्या स्टेअरिंग!"

आश्रुबाचा चेहरा उजळला. गाडी कुणाची हे काय गाडीवर लिहिलेलं असतं? मालनबाई मागे खिडकीशी बसली, तिनं पदर सारखा केला, आणि आठवड्यात पहिल्यांदा हसली.

आश्रुबानं गाडी थेट मांडवाच्या दाराशी नेऊन अशी उभी केली, की फुलांच्या कमानीला चार बोटं राहिली. मालनबाई सावकाश उतरली. दारात वच्छलाबाई होती. तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तो क्षण मालनबाईच्या वाट्याला पुरता आला, हे कबूल केलं पाहिजे.

मग पुढचं दार उघडून आप्पाराव उतरले. माइकवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. जाता जाता ते वळून ओरडले, "काका, गाडी सावलीत लावा! अन् जवळच थांबा, पुढं पाच लग्नं हायेत!"

वच्छलाबाईचं तोंड मिटलं, आणि लगेच पुन्हा उघडलं. "अगं बाई! दाजींनी गाडी घेतली म्हनता, आन् ही तर नोकरी धरली व्हय!"

आश्रुबानं गाडी लिंबाखाली लावली. तिथंच सगळ्या ड्रायव्हरांची वेगळी पंगत बसली होती. वाढप्यानं कुणालाही न विचारता त्याच्यापुढे पत्रावळ टाकली. शेजारच्यानं कोपरानं ढोसलं.

"कवापासून हायेस बे आप्पारावांकडं?"

आश्रुबानं भाताचा घास गिळला.

"आजच लागलो," तो म्हणाला.