हातानं बसेल इतकंच

अप्पांनी बंद केलेला नळ अप्पांशिवाय कुणालाही उघडता येत नाही. त्यांच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या कस्तुराबाई सकाळी येतात तेव्हा अप्पा फिरायला गेलेले असतात आणि जाण्याआधी घरातलं सगळं घट्ट करून गेलेले असतात. मग कस्तुराबाई आमच्या दारात उभ्या राहून माझ्या वडिलांना हाक मारतात आणि वडील हातातला चहा ठेवून शेजारच्यांचा नळ उघडायला जातात. उमरग्यातल्या आमच्या गल्लीत हे इतकं रोजचं झालं आहे, की वडील परगावी जायचे असले तर कस्तुराबाईंना आदल्या दिवशी कळवून ठेवतात.

अप्पा एका शाळेत हेडक्लार्क होते. त्यांनी बांधलेले पेपरांचे गठ्ठे सोडवायला कात्री पुरायची नाही, सुरी लागायची, असं त्या शाळेतले लोक अजून सांगतात. लोणच्याची बरणी असो, सायकलची सीट असो नाहीतर पिशवीची गाठ, प्रत्येकीला शेवटी एक पीळ जास्तीचा. "अजून एक आटा बसतोय," म्हणायचं आणि दात आवळून तो बसवायचा. बऱ्याचदा तो बसत नसे, मोडत असे. मग अप्पा मालाला नावं ठेवत. "पयल्यासारखं लोखंडच ऱ्हायलं न्हाय."

त्यांची गाडी जुनी आहे, पांढरी, आणि एकुलत्या एका मुलीच्या, सुवर्णाताईच्या, लग्नाआधी घेतलेली. या गाडीखाली रोज रात्री ते एक पुठ्ठा सरकवून ठेवतात. सकाळी तो बाहेर काढून उन्हात धरतात आणि डॉक्टरनं एक्स-रे बघावा तसा बघतात. डाग असला तर त्या दिवशी गल्लीत कुणी त्यांच्याशी बोलायला जात नाही. नसला तर पुठ्ठा सगळ्यांना दाखवला जातो. पुठ्ठ्यावर काहीच नाही हे कौतुकानं बघणं सोपं नसतं, पण आम्ही ते शिकलो आहोत.

हा पुठ्ठा सुरू झाला तो सुवर्णाताईच्या डोहाळजेवणानंतर. तिचं सासर सोलापुरात आहे. अप्पांनी गाडी थेट तिथल्या पोर्चमध्ये नेऊन लावली आणि जेवणं होईपर्यंत नव्या पांढऱ्या फरशीवर बशीएवढा काळा डाग पडला. विहीणबाईंनी तो पाहुण्यांदेखत साबणाचा चुरा टाकून स्वतः घासला. बोलल्या काहीच नाहीत. त्या काही बोलल्या असत्या तर अप्पांना सोसलं असतं, असं माझी आई म्हणते.

इंजिनच्या पोटाखाली तेलाची एक परातीसारखी पेटी असते. गॅरेजवाले तिला चेंबर म्हणतात. अप्पांच्या गाडीचं तेल तिच्या कडेनं पाझरत होतं. हायवेवर ट्रकच्या रांगेत गॅरेज चालवणारे खलीलभाई म्हणाले, हा नुसता पसीना आहे, इतक्या जुन्या गाडीला एवढा येणारच, खोलायच्या भानगडीत पडू नका. अप्पांना 'पसीना' हा शब्द लागला. त्यांनी गवंड्याकडून अंगणात सिमेंटचे दोन उतार बांधून घेतले, पुढची चाकं त्यावर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले, आणि स्वतः पोतं अंथरून खाली शिरले.

पहिल्यांदा त्यांनी तेल उतरवलं, सगळे बोल्ट काढले, चेंबर खाली घेतलं, पुसलं, सिलिकॉनचा थर दिला आणि परत बसवलं. थर दिला होता तो जावयाला पुरणपोळीवर तूप वाढतात तसा. कडेनं तो सगळा बाहेर आला. सकाळी पुठ्ठ्यावर डाग. दुसऱ्यांदा थर बेताचा दिला, पण बोल्ट असे आवळले की चेंबरची कडच वाकली. डाग मोठा झाला. खलीलभाईंनी फळीवर ठेवून ठोकून कड सरळ करून दिली आणि हात जोडले. "अप्पा, इत्ता नक्को कसो. वो चेंबर है, दुश्मन की गर्दन नहीं."

तिसऱ्या वेळेला अप्पांनी मला बोलावलं. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि आता घरूनच लॅपटॉपवर काम करते, म्हणून गल्लीतल्या औषधांच्या बाटल्या, कुकरच्या पुस्तिका आणि बँकेचे मेसेज वाचायला माझ्याकडे येतात. मला कुणाच्या घरी जाऊन बोलणं फारसं जमत नाही, पण वाचायचंच असेल तर जमतं. अप्पांनी ट्यूब पुढं केली. वर मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना होत्या. मी वाचून मराठीत सांगत गेले. दोन्ही कडांवरचं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडा. तेलाचा अंश ठेवू नका. बारीक, अखंड रेघ ओढा, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूनं. थोडा वेळ थांबा. मग चेंबर लावून बोल्ट हातानं बसतील इतकेच घट्ट करा.

"कुणाच्या हातानं?" अप्पांनी विचारलं.

ते लिहिलेलं नव्हतं.

अप्पांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं, मग माझ्या. "ये माय, तूच ये खाली. तुझ्या हातात जोर न्हाय. ह्यालाच पाहिजे तसला हात."

मला नाही म्हणायलाही बोलावं लागलं असतं, त्यापेक्षा गाडीखाली जाणं सोपं वाटलं. मी ओढणी घरी टाकून आले आणि पोत्यावर आडवी झाले. शेजारी अप्पा. त्यांनी दोन्ही हातांनी चेंबर वर धरलं आणि मी एकेक बोल्ट फिरवायला लागले. एक या बाजूचा झाला की दुसरा समोरच्या बाजूचा, मग कोपऱ्यातले. प्रत्येक बोल्टला अप्पांच्या तोंडून "अजून एक..." एवढं बाहेर पडायचं आणि ते ओठ मिटायचे. इतका संयम ठेवताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कपाळावर घाम आला होता.

गाडीखाली झोपलेली माणसं एकमेकांकडे बघत नाहीत, दोघंही वर बघतात. म्हणूनच ते बोलले असावेत.

"विहीणबाईचा फोन आल्ता," ते चेंबरला म्हणाले. "म्हणल्या, बाळंतपणाला माहेरी पाठवायची रीत हाय, पाठवू. पण घरात बाईमाणूस कोण हाय?"

काकू, म्हणजे अप्पांची बायको, जाऊन काही वर्षं झाली. घरात अप्पा आहेत, आणि सकाळी तासभर कस्तुराबाई.

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलं, गाडीचं काम काढलंय. झालं की येतो."

विहीणबाईंना यातून काय कळलं असेल ते त्यांनाच माहीत. मला एवढं कळलं, की अप्पांच्या डोक्यात फरशीवरचा डाग आणि हा फोन एकाच खात्यात लागले होते. गाडी गळायची थांबली की तो प्रश्नही थांबेल. हा हिशेब चुकीचा आहे हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. मी पुढचा बोल्ट घेतला.

दुसऱ्या दिवशी तेल भरलं. त्यानंतर पुठ्ठा रोज कोरा निघाला, आणि गल्लीनं तो रोज बघितला.

ताईला आणायला सोलापूरला एकट्यानं जाणं बरं दिसत नाही म्हणून अप्पांनी माझ्या आईला चला म्हटलं, आणि आईनं मला ओढलं. गाडीत बसायला गेलो तर मागच्या सीटवर मधोमध पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी. आईला वाटलं इंजिन तापतं म्हणून घेतली असेल. झाकण ठेवू का विचारलं तर अप्पा म्हणाले, "झाकण नको." झाकण नको म्हणणारे अप्पा बघून आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती. कळशीच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मी, आणि पुढं अप्पा, एखाद्या वरातीसारखी गाडी चालवत. मागून ट्रक हॉर्न वाजवून वाजवून पुढं जात होते. प्रत्येक गतिरोधकाला आरशात बघून अप्पा विचारायचे, "सांडलं का?" जळकोटला सांडलं. आईची साडी भिजली आणि सोलापूर येईपर्यंत ती अप्पांशी बोलली नाही.

पोर्चच्या बाहेरच अप्पा गाडी उभी करणार होते, पण व्याही पुढं येऊन आत घ्या, आत घ्या म्हणाले. गाडी आत आली. आम्ही दार उघडून उतरलो आणि मागोमाग पांढऱ्या फरशीवर टप टप आवाज सुरू झाला.

अप्पांचा चेहरा मी बघू शकले नाही. ते गुडघ्यांवर बसले, रुमाल काढला आणि गाडीखाली हात घातला. विहीणबाई दारातून बघत होत्या. व्याह्यांनी वाकून थेंबाला बोट लावलं आणि नाकाशी नेलं.

"पाणी हाय हो," ते म्हणाले.

"पाणी कसलं?" विहीणबाईंनी विचारलं.

अप्पा रुमालानं फरशी पुसतच राहिले, म्हणून आईनंच कळशीचा सगळा पाढा वाचला, भिजलेल्या साडीसकट आणि सीटखाली साचलेल्या पाण्यासकट, आणि शेवटी म्हणाली, "आता त्यांनाच विचारा, कशाला घेतली ते."

अप्पा तसेच गुडघ्यांवर होते. "बघत होतो," ते म्हणाले. "पाणी सांडलं न्हाय तर पोरीला धक्का बसणार न्हाय."

सुवर्णाताई आतून बाहेर आली होती, दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती.

"किती सांडलं?" विहीणबाईंनी विचारलं.

"जळकोटला तेवढं. तिथले गतिरोधक लई वाईट हायत. बाकी समदं काठाच्या आत. आन् विहीणबाई, तुमी फोनवर इचारलं त्याचं..." ते थांबले. "बाईमाणूस कुणी न्हाय. मीच हाय."

विहीणबाईंनी मागच्या सीटवर हात फिरवून बघितला. मग सुनेकडे वळून म्हणाल्या, जा, तुझी बॅग भर. अप्पांना म्हणाल्या, "येताना लावला तेवढाच वेळ जाताना लावायचा. जळकोटला तर आणखी. महिन्याच्या आत मी येऊन ऱ्हाते तिथं."

ताई बॅग भरायला गेली. व्याह्यांनी चहा सांगितला. अप्पा उठले, गुडघे झटकले आणि पोर्चच्या कडेला उभ्या असलेल्या माझ्या आईजवळ आले. आई अजून साडीचा पदर पिळत होती. त्यांनी आत कुणाला ऐकू जात नाही ना ते बघितलं.

"वहिनी," ते हळू आवाजात म्हणाले, "एवढंसं लेकरू उचलायचं कसं, तेवढं मला घरी गेल्यावर शिकवा. सुवर्णाच्या वेळी कुणी मला हात लावू दिला न्हाय. मोडशील म्हणायचे."