उणे चाळिसात फुगलेलं पीठ

पीठ आंबवणं म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये, असं मी जानेवारीच्या पहिल्या रविवारी बायकोला ठणकावून सांगितलं. जन्मात कधी उडीद भिजवले नव्हते, ही गोष्ट वेगळी!

झालं होतं असं. सत्त्याण्णव साल. कॉम्प्युटरमधल्या दोन हजार सालाच्या दुरुस्तीसाठी कंपनीने मला अलास्कातल्या फेअरबँक्सला धाडलं होतं. तिथे थंडी अशी की रात्री गाडीलासुद्धा विजेचा प्लग लावून ठेवायचा, नाहीतर सकाळी ती ढिम्म हलत नाही. सूर्य अकराला यायचा आणि तीनच्या आत कल्टी मारायचा. अशा गावात नोव्हेंबरात शोभना आली. सांगलीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. इथे व्हिसावर नोकरीची परवानगी नाही, म्हणून दिवसभर खिडकीशी बसून राहायची. तिने तीनदा इडलीचं पीठ घातलं. ओव्हनमध्ये ठेवलं, हीटरपाशी ठेवलं, रजईत गुंडाळलं. तिन्ही वेळा ते होतं तिथेच राहिलं, आणि इडल्या भिंतीवर मारल्या असत्या तर भिंतीला पोचा आला असता.

तिसऱ्या वेळी ती म्हणाली, "अहो, इथे काहीच वर येत नाही. सूर्य नाही, पीठ नाही, मी पण नाही. वीस तारखेचं तिकीट बुक केलंय मी."

"परत कधी येशील?"

"बघू."

लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मी घाबरलो की मोठ्याने बोलतो, त्यामुळे वर सांगितलेली बढाई त्याच क्षणी तोंडातून निघाली. वर हेही म्हणालो, "पीठ फुगवून दाखवलं तर थांबशील?"

"दाखवा तर," ती म्हणाली.

माझा हिशेब सरळ होता. आमच्या बिल्डिंगसमोर एक बिअरबार होता. बिअर तिथेच मागच्या खोलीत बनायची. उणे चाळिसात ज्यांची बिअर आंबते, त्यांना माझं पीठ काय जड आहे? बारची मालकीण रूथ, साठीची, कायम रबरी बूट घातलेली. स्वच्छतेच्या बाबतीत ती इतकी कडक की तिच्यापुढे आमच्या मावशीचं सोवळं म्हणजे काहीच नाही. टाक्यांच्या खोलीत जायचं तर बूट दोनदा धुवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ऑफिसला दांडी मारली आणि मी रात्री भिजवलेलं आणि शोभनाने सकाळी वाटलेलं पीठ घेऊन बारमध्ये गेलो.

"सगळी डाळ भिजवलीत?" वाटायला घेताना शोभनाने विचारलं होतं. तिच्या मावसभावाने शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून घेऊन विमानतळावर दिलेली ती डाळ होती. फेअरबँक्सात उडीद औषधालाही मिळत नसे.

"सगळी. कॉन्फिडन्स म्हणतात याला."

रूथने पातेल्यात डोकावून पाहिलं. "टाक्यांच्या खोलीत हे नेलंस तर माझी बिअर आंबट होईल. बॉयलररूममध्ये त्या लांबच्या फळीवर ठेव."

"आणि थोडं विरजण मिळेल?" मी विचारलं. विरजण म्हणजे काय हे तिला समजावण्यात दहा मिनिटं गेली. शेवटी तिने कागदी कपात टाकीच्या तळाचं यीस्ट दिलं आणि बजावलं, "एक चमचा. फक्त एक."

आता मला सांगा, वीस तारीख डोक्यावर असताना माणूस चमचे मोजत बसेल? मी अख्खा कप ओतला. फळीवर हात लावून पाहिलं तर कोमट. म्हणून पातेलं उचलून थेट बॉयलरवर ठेवलं, माझ्या लोकरी स्वेटरात गुंडाळलं आणि झाकणावर एक मोठा पाना ठेवला. मग बारमध्ये येऊन जिंजर एल, म्हणजे आल्याचा सोडा, पीत बसलो.

चार वाजता धाडकन आवाज झाला. पाना जमिनीवर पडला होता. पाठोपाठ जळक्या लोकरीचा आणि करपलेल्या उडदाचा असा वास आला की बारमधल्या तीस माणसांनी एकदम नाकं वर केली. धुराचा अलार्म वाजला. रूथने सगळ्यांना बाहेर काढलं. बाहेर काळोख, उणे चाळीस, आणि तीस माणसं हातात ग्लास घेऊन उड्या मारतायत. पाचव्या मिनिटाला ग्लासात बर्फाचा थर आला. सहाव्या मिनिटाला लाल दिवे फिरवत फायर ब्रिगेड आली. रूथ माझ्याकडे बघत होती.

तेवढ्यात समोरून शोभना धावत आली. अंगात माझा ओव्हरकोट, पायात मोज्यांवर बाथरूमच्या चपला. तिने आधी माझा चेहरा चाचपला, मग दोन्ही हात. "भाजलं का कुठे?"

"मला नाही. पण पीठ गेलं गं," मी म्हणालो. "सगळी डाळ गेली. सॉरी." मला खरंच रडू यायला लागलं होतं, आणि तिथे अश्रूही गोठतात.

एवढ्यात फायरवाला चिमट्याने पातेलं धरून बाहेर आला. काठावरून पांढरंशुभ्र पीठ ओघळत होतं, त्याला टपोरे बुडबुडे. शोभनाने बोट लावून पाहिलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ती हसली.

"अहो, फुगलं की! तळ तेवढा करपलाय. वरचं काढून घेऊ." मग रूथकडे वळून तिने शाळेतल्या आवाजात विचारलं, "तुमच्याकडे तवा आहे?"

बर्गरचा भलामोठा तवा होता. शोभना म्हणाली, तो आधी घासायचा. रूथ म्हणाली, दोनदा घासायचा. शोभना म्हणाली, तीनदा. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मला मोरीशी उभं केलं. तासाभरात तीस गारठलेली माणसं कांद्याचे उत्तप्पे खात होती आणि शोभना रूथला आंबण्याचं विज्ञान फळ्यावर काढून समजावत होती. फळ्यावरची बिअरची नावं पुसून!

घरी आल्याआल्या तिने विमान कंपनीला फोन लावला आणि तिकीट कॅन्सल केलं. माझी छाती फुगली.

"माझ्यासाठी थांबलीस ना?"

"रूथच्या फोनवरून शिकागोला डाळ सांगितलीय, दहा किलो," ती म्हणाली. "पार्सल वीस तारखेनंतर येणार. आणि तुम्ही एकटे असताना ते घरात आलेलं मला चालणार नाही."